साइटवर पडलेल्या दाजींची केस आणि फुकट मिळालेल्या वकील मॅडम

2022 च्या मार्चमध्ये आमचे दाजी नाशिकला पाथर्डी फाट्याकडच्या एका बांधकामाच्या साइटवर सेंट्रिंग खोलताना दुसऱ्या मजल्यावरून खाली पडले, मांडीचं हाड आणि खुबा दोन्ही गेले. ठेकेदार दवाखान्यात सोडून जो गायब झाला तो तिसऱ्या दिवशी डायरेक्ट स्टॅम्प पेपर घेऊनच आला, 25 हजार घ्या आणि पुढे काही मागणार नाही म्हणून सही करा. घरात दोन लेकरं, हातात पैसा नाही, ताई सही करणारच होती.

तेवढ्यात गल्लीतल्या एका मिस्त्रीने सांगितलं की सीबीएस बस स्टँडजवळ जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे कामगाराला वकील फुकट मिळतो. खरं सांगतो, मला विश्वास नव्हता, फुकटचा वकील काय लक्ष देणार असंच वाटलेलं. पण अर्ज दिला आणि पॅनलवरच्या एक वकील मॅडम मिळाल्या, हा रिव्ह्यू त्यांच्या कामाचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, सही करू नका आणि केली असती तरी हक्क सोडला असं लिहून घेतलेलं कायद्यात टिकत नाही. मग एकेक विचारायला लागल्या, पगार कसा मिळायचा, मुकादमाच्या हजेरी वहीचा फोटो आहे का, फोनपेचे मेसेज डिलीट तर नाही ना केले, दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची अपघाताची नोंद, झाली का, सोबत कोण कामाला होतं. आम्हाला यातलं काही पुरावा वाटतच नव्हतं, आणि पुढे ठेकेदार कोर्टात म्हणाला की हा माणूस आमच्याकडे कामालाच नव्हता तेव्हा तेच फोनपेचे मेसेज कामाला आले. बिल्डरलाही केसमध्ये पार्टी केलं, कारण काम ठेक्याने दिलं तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

हिशोब तर त्यांनी कागदावर मांडून दाखवला. दाजींची रोजंदारी 700, म्हणजे महिन्याला 15 हजाराच्या वर, पण तेव्हाचा कायदा 15 हजारच धरायचा. त्याचे 60 टक्के 9 हजार, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा, 35 वर्षांना तो 197.06, आणि त्यातून कमावण्याची ताकद जेवढी गेली तेवढे टक्के. खरी लढाई ह्या टक्क्यांवरच झाली. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर अपंगत्व 25 टक्के होतं, मॅडमचं म्हणणं की पाय किती वाकतो ते बघू नका, हा माणूस परत परांचीवर चढू शकतो का ते बघा. त्यासाठी त्यांनी 1975 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवला, सिनेमा हॉलमध्ये काम करताना पडून हात गेलेल्या सुताराचा, त्यात त्याचं 100 टक्के नुकसान धरलं होतं कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. आमच्यात कोर्टाने 40 टक्के धरले, 7,09,416 रुपये आणि वर 12 टक्के व्याज. निकाल आला त्या दिवशी ताई कोर्टाच्या पायरीवरच बसून राहिली.

आता कमी काय ते पण लिहितो. दोन वर्षांच्या वर गेले, प्रत्येक तारखेला माझा किंवा ताईचा खाडा. मॅडम संध्याकाळी साडेपाचच्या आधी फोन उचलत नाहीत, आणि बोलतात इतक्या भरभर की मी घरी येऊन परत फोन करून विचारायचो. पण दर वेळी सांगितलं, एकदाही चिडल्या नाहीत, आणि एक रुपया मागितला नाही, कोर्टाचा खर्च पण आम्हाला पडला नाही.

एक लक्षात घ्या, आमची केस कामगारांच्या नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्याखाली होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीये, त्यामुळे अपघात आत्ताचा असेल तर आकडे आणि मुदत वकिलालाच विचारा, पण उशीर करू नका. ऑफिसला जाणं जमत नसेल तर विधी सेवेच्या हेल्पलाइनला 15100 वर फोन लावा. आणि बांधकामावर 90 दिवस भरले असतील तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी आजच करा, दाजींची नव्हती, त्याचं अजून वाईट वाटतं.

दाजींना आता जिना चढायला पण कठडा धरावा लागतो. त्या पैशातून म्हसरूळला भाजीचं छोटं दुकान टाकलंय, पहाटे ताई मार्केट यार्डातून माल आणते आणि दिवसभर दाजी गल्ल्यावर बसतात.