विहीर की बोअर : आर्सेनिकच्या बाजूने पाहताना

जळगाव जिल्ह्यात तापीकाठच्या रावेर-यावल पट्ट्यात पिण्यासाठी जुनी विहीर राखावी की बोअर घ्यावा, असा प्रश्न निघाला की खोलवरचे पाणी शुद्धच असणार, असे आपण गृहीत धरतो. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशातही हगवणीपासून सुटका म्हणून नळविहिरी खोदल्या गेल्या आणि त्यांतूनच आर्सेनिक हे विषारी मूलद्रव्य लाखो लोकांच्या पोटात गेले. ते कोणी मिसळले नव्हते. गाळातील लोहसंयुगांना चिकटलेले आर्सेनिक, सेंद्रिय द्रव्य कुजून ऑक्सिजन संपलेल्या थरांत, आपोआप पाण्यात सुटत गेले. उघड्या विहिरीत हवा खेळते, त्यामुळे तेथे ते बहुधा लोहाशी बांधलेलेच राहते.

तापीच्या गाळाला बंगालमधील गंगेच्या गाळाचा न्याय सरसकट लावणे चूक ठरेल. तरीही या विषाला रंग, वास, चव नसते आणि पाणी उकळून ते जात नाही. लिटरला 10 मायक्रोग्रॅम या मर्यादेहून बरेच जास्त आर्सेनिक वर्षानुवर्षे पोटात गेल्यास त्वचेवर डाग पडतात, तळहात-तळपाय खरखरीत होतात, पुढे त्वचा, फुप्फुस वा मूत्राशयाचा कर्करोगही होऊ शकतो.

विहिरीचे दोष वेगळे : जंतू, आणि केळी-कापसाच्या खतांतून झिरपणारे नायट्रेट. जंतू उकळल्याने मरतात, नायट्रेट मात्र राहते आणि वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला ते घातक ठरते.

माझा कल कठडा बांधलेल्या, झाकलेल्या विहिरीकडे आहे. बोअरच घ्यायचा असेल, तर थोडा उपसा झाल्यावर प्रयोगशाळेत आर्सेनिकची तपासणी नाव घेऊन मागावी.