हायवेच्या उड्डाणपुलावर ‘नागरिकांशी चर्चा’: ५ पैकी ३ स्टार, त्यातला दीड एकट्या त्या पोराचा

एरवी मी रिव्ह्यू टाकतो तो हॉटेलचा नाहीतर टायरचा, पण हीपण शेवटी सर्व्हिसच आहे की, आपल्याच पैशाची, मग हिचापण टाकतो.

तुळजापूर रोडला आमच्या चौकात उड्डाणपूल आणि दोन्ही बाजूला सर्व्हिस रोड करायचा विचार चाललाय, त्यासाठी लोकांच्या सूचना घ्यायला बोलावलं होतं. ऑफिसचं नाव लिहीत नाही, उगाच कुणाला तरी त्रास. वेळ ठेवली बुधवारी सकाळी ११. आता सोलापुरात बुधवारी ११ ला मोकळं कोण असतंय सांगा, यंत्रमागवाला मागावर, विडीवाल्या बायकांचा हजाराचा हिशोब डोक्यावर, दुकानदाराचं शटर आत्ताच वर गेलेलं. त्यामुळं हॉलमध्ये कोण, तर रिटायर मंडळी, प्लॉटिंगवाले, दोन-चार शेतकरी आणि गॅरेज पोरावर टाकून आलेला मी.

नकाशा टेबलावर पसरलेला, वर पंखा फुल स्पीडला, कागद उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर पाण्याच्या बाटल्या आणि एक मधोमध. मी आपला चौक शोधतोय, शोधतोय, काय सापडेना, सगळं इंग्लिशमध्ये, चेनेज नंबर (म्हणजे रस्त्यावरचं अंतर सांगणारे आकडे) आणि लाल-निळ्या रेघा. शेवटी तिथल्या एका पोरानं मधली बाटली उचलली तर खाली गोल ओला डाग आणि त्या डागात आमचं गॅरेज, लाल रेघ बरोबर पुढच्या पत्र्यातून गेलेली. म्हणजे मी इतका वेळ स्वतःच्याच दुकानावर ठेवलेली बाटली बघत होतो.

तो पोरगा कन्सल्टंटकडचा, पंचविशीचा असेल, पण माहितीचा पक्का. सायबांनी अर्धा तास ‘विकास’ सांगितला त्यात जे कळलं नाही ते यानं पेन्सिलीनं पाच मिनिटात काढून दाखवलं. पूल दोन तऱ्हेचा असतो म्हणाला. एक खांबांवरचा, त्याच्या खालून माणूस-गाडी इकडून तिकडं जाते. दुसरा म्हणजे दोन्हीकडं काँक्रीटची भिंत उभी करून मधे माती-मुरूम भरतात, त्याला हे लोक आरई वॉल म्हणतात, तो स्वस्त पडतो पण भिंत जिथवर आहे तिथवर समोरची बाजू बंद, ओलांडायचं तर बोगद्यापर्यंत, म्हणजे भिंतीतनं पलीकडं जायला ठेवलेल्या वाटेपर्यंत जा. आमच्या चौकात काय आहे विचारलं तर मधे थोडे खांब आणि दोन्ही टोकांना भिंत. म्हणजे समोरचं मेडिकल, जे आज आमच्या दारातून दिसतंय, त्याला जायला वळसा. एवढं कळलं तेव्हा हॉल जागा झाला.

मग मागून एक काका उठले, धोतर-टोपी, बोरामणीकडचे असावेत बोलण्यावरून. बोगदा किती उंच म्हणून विचारलं. मोठा साडेपाच मीटर, छोटा चार, असं उत्तर आलं. काका म्हणाले, ‘उसाची गाडी भरलेली बघितलाव का कधी? दोन ट्रॉल्या, वर मोळ्या रचलेल्या, ती चार मीटरात कशी घालणार, आडवी?’ सगळे हसले पण सायेब हसले नाहीत. जिल्ह्यात इतके साखर कारखाने, थंडी सुरू झाली की रस्त्यावर उसाशिवाय काय नसतं, आणि शेताकडचा बोगदा नेमका छोटा दाखवलेला. त्या पोरानं मात्र लगेच वहीत लिहून घेतलं.

एका ताईंनी तर अजून भारी विचारलं, कोजागिरीला अख्खं सोलापूर तुळजापूरला चालत जातं, सर्व्हिस रोडला फूटपाथ किती फुटाचा ठेवलाय? यावर उत्तर: ‘नोंद घेतली.’ हे वाक्य मी तिथं चौदा वेळा मोजलं. ज्याच्याकडं नोंदीचं रजिस्टर होतं त्याच्या पेनाचं टोपण मात्र बंदच.

आणि खरा घोळ इथंच आहे, जाणाऱ्यांनी हे नीट वाचा. असल्या मीटिंगमध्ये कितीपण ओरडा, ती कायद्यातली सुनावणी नव्हे. हायवेला जागा जाणार असेल तर १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली आधी थ्री-ए कलमाची, म्हणजे जागा घ्यायचा इरादा सांगणारी, अधिसूचना निघते, तिचा सारांश दोन लोकल पेपरात छापावा लागतो, त्यातला एक इथल्या भाषेतला, आणि राजपत्रात आल्यापासून २१ दिवसांत थ्री-सी खाली लेखी हरकत द्यायची, मग तुम्हाला किंवा तुमच्या वकिलाला बोलावून ऐकून घेतात. २१ दिवस म्हणजे पाहुण्यात दोन लग्नं झाली की संपले. पुढं थ्री-डी कलमाची अधिसूचना निघाली की जागा सरकारची, मग नुसतं मोबदल्याचं भांडण उरतं. हे सायबांनी स्वतःहून सांगितलंच नाही, विचारल्यावर सांगितलं, याचा एक स्टार कापला. दुसरा कापला वेळेचा आणि इंग्लिश नकाशाचा.

उशीर होतो म्हणून आमची तक्रार नाही बरं का. शहरात जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला आणि जुना पुणे नाका ते पत्रकार भवन या दोन पुलांचं आम्ही किती वर्षं ऐकलं, भूसंपादनातच पिढी मोठी झाली, सवय आहे. पूल पाहिजेच, आमच्या चौकात रात्री ट्रेलर कसे येतात ते माझ्याच गॅरेजला वाकून आलेल्या गाड्या बघून कळतंय, त्यावर माझं पोट आहे तरी सांगतोय. फक्त भिंतीऐवजी खांब वाढवा आणि शेताकडचा बोगदा मोठा करा, एवढंच दोन ओळीत लिहून नेलं होतं, दोन प्रतीत.

पोच मागितली तर म्हणे मेल करा. मी बसून राहिलो. चहा बरा होता, आल्याचा, त्याचा अर्धा स्टार धरा, बिस्किटं पहिल्या रांगेतच संपली. अडीच वाजता जेवण करून आले आणि आवक-जावकवाल्यानं शेवटी मारला शिक्का. घरी येऊन बघतो तर शाई वाळलेली, तारखेतला महिना उठलाच नाही. परत मारून घ्यायला सोमवारी जाणार आहे, कुणाला हरकत द्यायची असेल तर सोबत चला, गाडीवर एक सीट मोकळी आहे.