पोटाला शिंग, पाठीला नस: गाकगुंगसोबत नऊ महिने

दक्षिण कोरियातल्या सुवॉनला आल्यावर पहिली दोन वर्षं मी कार्बनच्या कोरियन धनुष्यावर काढली. ते दारामागे उभं असायचं. मनात आलं की दोरी चढवायची आणि निघायचं, रिमझिम पाऊस असला तरी. यंदा मार्चमध्ये हाती बनवलेलं गाकगुंग घेतलं आणि हे लाड संपले. किंमत आधीच्याच्या तिपटीहून जास्त, आणि पहिल्या महिन्यात माझा नेम निम्म्यावर आला. तरी ते विकलेलं नाही.

गाक म्हणजे शिंग, गुंग म्हणजे धनुष्य. थोडक्यात आपलं शार्ङ्ग. इतकी वर्षं शार्ङ्गधर हे नाव ऐकलं, पण विष्णूच्या हातात शिंगाचं धनुष्य आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आत बांबू, टोकांना तुतीचं लाकूड, मुठीला ओक. आपल्याकडच्या बाजूला, म्हणजे पोटाला, पाणम्हशीचं शिंग. पाठीवर गुरांच्या नसांचे, म्हणजे कंडरांचे, तंतू. वरून भूर्जाची साल. ओढताना पोट दाबलं जातं, पाठ ताणली जाते. दाब शिंगानं सोसायचा, ताण नसांनी. कोरियात पाणम्हशी नव्हत्या, त्यामुळे जोसोन राजांच्या काळातही शिंग बाहेरूनच आणावं लागे. आणि हे सगळं धरून ठेवतो तो मिनओ नावाच्या माशाच्या फुग्याचा सरस. मिनओ आपल्या घोळीच्याच कुळातला. पालघरकडे घोळीच्या बोताला, म्हणजे त्या फुग्याला, काय भाव येतो ते ठाऊक असेल, तर धनुष्याची किंमत ऐकून दचकायला होत नाही.

आता वापराचं. दोरी उतरवली की हे धनुष्य उलट्या बाजूला वळून जवळजवळ गोल होतं, टोकाला टोक भिडेल इतकं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, मोडलं. ते उलटवून दोरी चढवायची म्हणजे आधी शेगडीवर शेक द्यायचा, मग गुडघ्याखाली दाबून वाकवायचं, मग दोरी मधोमध बसली का ते बघत एकेक भुजा पुन्हा शेकून हातानं सरळ करायची. मला सुरुवातीला पाऊण तास लागायचा, आता वीस मिनिटं. मैदानावरचे आजोबा बोलता बोलता पाच मिनिटांत उरकतात आणि वर माझ्याकडे बघून हसतात.

पण ओढ! कार्बन शेवटच्या चार बोटांत हट्टाला पेटतं. हे शेवटपर्यंत एकसारखं येतं, आणि बाण सुटल्यावर मुठीला धक्का जवळपास नाहीच. लक्ष्य 145 मीटरवर, 2 मीटर रुंद आणि 2.67 मीटर उंच फळी. दोन्ही धनुष्यं 45 पौंडांच्या ओढीची, तरी गाकगुंगचा बाण कमी उंचीवरून जातो. म्हणूनच सुरुवातीला माझे बाण फळीच्या डोक्यावरून पलीकडे जात होते. हात जुन्या सवयीनं वर जायचा. पाच बाणांतला एक लागला तरी आनंद. मे महिन्यात पुन्हा तिनावर आलो. पाचही लागण्याचा दिवस अजून उजाडायचाय.

जुलैत खरी परीक्षा झाली. इथला पावसाळा, जांगमा, चार-पाच आठवड्यांचाच, पण हवेत पाणी कोकणासारखं. सरस ओल धरतो, नसा सैल पडतात, म्हणून धनुष्य उबेच्या पेटीत ठेवायचं. माझी पेटी मी तीस अंशांवर ठेवतो. एका शनिवारी वेळ नव्हता म्हणून पेटीतून काढलं, खालची भुजा नीट न तपासता दोरी चढवली आणि ओढलं. दोरी बाजूला सरकली, धनुष्य हातातच उलटलं. साल फाटली, पाठीवरच्या नसा दोन इंच सुटल्या. चूक पूर्णपणे माझी. कारागिरानं तीन आठवड्यांनी दुरुस्त करून दिलं. मासळीचा सरस उष्णतेनं आणि ओलीनं सुटतो म्हणून दुरुस्ती जमते. कार्बनला चीर गेली असती तर सरळ कचऱ्यात.

कुणी घ्यावं? नवशिक्यानं मुळीच नाही. इथल्या धनुर्विद्येच्या परीक्षांत पाचव्या दानपासून (दान म्हणजे श्रेणी) गाकगुंग आणि बांबूचे बाण सक्तीचे आहेत, त्यामुळे त्या वाटेवर असलेल्यांना पर्याय नाही. बाकीच्यांनी आधी घरात पेटीला जागा आहे का ते बघावं. आमची चपलांच्या कपाटात बसवली आहे, त्यावर बायकोचं म्हणणं इथे लिहिण्यासारखं नाही. सुट्टीत रत्नागिरीला घेऊन ये, असं आई म्हणते. जूनमध्ये तर शक्यच नाही, आई.

एक गोष्ट मात्र आवडते. पहिला बाण सोडण्याआधी इथे प्रत्येकजण मोठ्यानं म्हणतो, 'ह्वाल बेउम्निदा', धनुष्य शिकतोय. तीस वर्षं मारणारे आजोबाही तेच म्हणतात. कार्बन हातात असताना मी ते पाठांतर म्हणून म्हणायचो.

दुसरं धनुष्य सांगून ठेवलंय. सरसाचं काम थंडीतच होतं, म्हणून ते मार्चशिवाय मिळणार नाही. या वेळी पाच पौंड हलकं.