बायफोकल चष्मा घ्यावा की प्रोग्रेसिव्ह?

चाळिशी लागली की हा प्रश्न पडतोच. बायफोकलमध्ये वर लांबचा नंबर, खाली जवळचा आणि मधे स्पष्ट रेघ. तो स्वस्त पडतो, सवयही लवकर होते. पण वाचनाचा नंबर वाढत गेला की हातभर अंतरावरचा संगणकाचा पडदा दोन्ही भागांतून धूसर दिसू लागतो.

प्रोग्रेसिव्हमध्ये नंबर वरून खाली हळूहळू बदलतो, त्यामुळे हे मधलं अंतरही मिळतं. फ्रान्समध्ये १९५९ साली ‘व्हेरिलक्स’ बाजारात आली, ती याच जातीची काच. मात्र तिच्या कडांतून पाहिलं की समोरचं हेलकावतं. म्हणून नुसते डोळे न फिरवता मान वळवायची. जिना उतरताना हनुवटी खाली घ्यायची, नाहीतर पायरी वाचनाच्या भागातून दिसते आणि पाऊल चुकतं. वयस्कर माणसांना हे आवर्जून सांगा. जुना चष्मा अधूनमधून लावू नका, सवय लांबते.

दोन आठवड्यांनीही गरगरत असेल तर दुकानात परत जा. पुष्कळदा नंबर बरोबर असतो, चुकतं ते डोळ्याची बाहुली काचेत किती उंचीवर येते याचं माप. ते फ्रेम नाकावर नीट बसवूनच घ्यायला हवं.

दिवसभर पडद्यासमोर असाल तर माझं मत प्रोग्रेसिव्हलाच. बायफोकलवर समाधानी असाल तर मुळीच बदलू नका.