नल पॉइंट शिकवायचाय? फेटचं ‘चार्जेस अँड फील्ड्स’ वापरून बघा

मी बारावीला फिजिक्स शिकवते. +4 आणि +1 नॅनोकूलम्बचे चार्ज 3 मीटरवर ठेवलेत, नल पॉइंट, म्हणजे एकूण विद्युत क्षेत्र (फील्ड) शून्य होतं ती जागा, कुठे, हे गणित दरवर्षी असतंच. मोठ्या चार्जपासूनच्या अंतराची उत्तरं दोन निघतात, 2 आणि 6. मुलं 2 ला चौकट करतात आणि 6 खोडून टाकतात. का खोडलं, हे मात्र फार थोड्यांना सांगता येतं.

त्यासाठी मी हे सिम्युलेशन लावते. फेट हा कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प, नोबेलविजेते कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेला. सगळं फुकट, मोबाईलच्या ब्राउझरवरही चालतं.

यातला प्रत्येक चार्ज 1 नॅनोकूलम्बचाच असतो. त्यामुळे चार धन चार्ज एकावर एक ठेवायचे. ते दिसतात एकासारखेच, म्हणून मुलांसमोर मोजत ठेवा. मग टेपने 3 मीटर मोजून पाचवा. आता फील्डचा जोर आणि दिशा बाणाने दाखवणारा पिवळा सेन्सर मधल्या रेषेवरून सरकवत न्या. लाल बाण आखडत जातो, 2 मीटरच्या जवळ जवळजवळ नाहीसा होतो आणि पुढे गेलात की उलटा फिरतो. हाताने अगदी शून्य सापडत नाही, पण बाण उलटताना पाहिला की मुलांना जागा कळते.

खरी मजा 6 मीटरवर आहे. तिथे दोन्ही फील्ड सारखीच, 1 व्होल्ट प्रति मीटर, पण दिशाही एकच, त्यामुळे बाण 2 व्होल्ट प्रति मीटरचा दिसतो. आता लहान चार्ज काढून त्या जागी ऋण ठेवा. 6 मीटरवरचा बाण गायब! खोडलेलं उत्तर या दुसऱ्या गणिताचं होतं. माझ्या मते एवढ्यासाठी तरी हे प्रत्येक वर्गात दाखवायलाच हवं.

वेळ असेल तर पुन्हा धन चार्ज लावा आणि सेन्सर नल पॉइंटपासून जरा वर न्या. बाण वरच जातो, परत खाली ओढत नाही. रेषेवर डावी-उजवीकडे सरकवलात तर मात्र परत नल पॉइंटकडेच वळतो. म्हणजे तिथे ठेवलेला धन चार्ज रेषेवर स्थिर, पण रेषेबाहेर जरा हलला की निसटणार. समतोल म्हणजे स्थैर्य नव्हे, हे फळ्यावर सांगून पटत नाही.

शेवटी व्होल्टमीटर नल पॉइंटवर नेऊन ठेवा. फील्ड शून्य, तरी आकडा 27 व्होल्टच्या आसपास. तो का येतो, हे मी मुलांनाच घरून करून आणायला सांगते.