जुनी एमजीबी विकत घेताना आधी पत्रा पाहा

इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच जुनी स्पोर्ट्स कार विकत घेऊ पाहणाऱ्याला बहुतेक जाणकार एमजी या ब्रिटिश कंपनीची एमजीबी सुचवतात, आणि ही गाडी बाळगल्यानंतर मलाही तो सल्ला योग्यच वाटतो. सप्टेंबर १९६२मध्ये बाजारात आलेली ही दोन आसनांची, उघड्या टपाची रोडस्टर ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९८०पर्यंत तयार होत होती, आणि बंद टपाची जीटी धरून अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तिथे बनल्या. म्हणजे ती दुर्मीळ नाही. पण खिसा सांभाळून छंद करणाऱ्याला तेच सोयीचे आहे, कारण तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आजही नवा मिळतो. (भारतात आज धावणाऱ्या एमजी हेक्टरवर तेच अष्टकोनी चिन्ह असले, तरी ते नाव चिनी मालकीकडे गेल्यानंतरची ती गाडी आहे, दोघींचे नाते बिल्ल्यापुरतेच.)

चालवायला ती कशी आहे, याविषयी अवाजवी अपेक्षा ठेवू नये. १७९८ सीसीचे, दोन एसयू कार्बोरेटरांचे इंजिन नवे असताना सुमारे ९५ अश्वशक्ती देत असे आणि ताशी ६० मैलांचा वेग गाठायला तिला बारा सेकंदांच्या आसपास वेळ लागे. आजची साधी हॅचबॅकसुद्धा सिग्नलवरून तिच्या पुढे निघून जाते. पॉवर स्टिअरिंग नसल्याने पार्किंग करताना दंडांना व्यायाम होतो. मात्र रस्ता वळणावळणाचा लागला, की रॅक-अँड-पिनियन स्टिअरिंगमधून पुढच्या चाकांखाली काय चालले आहे ते हाताला नेमके कळते, आखूड गिअर लिव्हर मनगटाच्या हालचालीने पडतो, आणि जमिनीलगत बसल्यामुळे ताशी ५० मैलांचा वेगही भरपूर वाटतो. कायद्याच्या मर्यादेत राहून इतकी मजा देणाऱ्या गाड्या थोड्याच आहेत.

आता खरेदीचा मुख्य मुद्दा. या गाडीला वेगळी चॅसी नाही. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा आहे, आणि रोडस्टरला टप नसल्याने सारा भार दारांखालून जाणाऱ्या पोकळ पेट्यांवर, म्हणजे सिल्सवर येतो. आतला पत्रा, बाहेरचा पत्रा, मधला पडदा आणि खालची कॅसल रेल अशा अनेक थरांनी बनलेल्या या पेटीत पाणी व चिखल साचून ती आतूनच कुजते, त्यामुळे बाहेरून रंग चकचकीत असला तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पुष्कळ गाड्यांवर जुन्या गंजावरच नवी पट्टी वेल्ड करून काम भागवलेले असते, आणि तसे केले की आतला गंज झाकला जातो, थांबत नाही. म्हणून लोहचुंबक बरोबर न्यावे आणि सिल्स, दारांची खालची कड, पुढच्या मडगार्डांचा मागचा भाग व मागच्या चाकांभोवतीची कमान या सर्व ठिकाणी तो फिरवावा. जिथे तो चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे असे समजावे. दार आणि मागचा पत्रा यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, हे पाहावे. त्याहून चांगली परीक्षा म्हणजे जॅकच्या ठरलेल्या जागी गाडी उचलून दार उघडून-लावून बघणे: फट कमी-जास्त होत असेल किंवा दार अडत असेल, तर सांगाडा खचू लागला आहे. आसनांच्या मागे फळीखाली बॅटऱ्यांच्या पेट्या असतात (१९७४पर्यंत तिथे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बसवत). तिथला तळ अनेकदा गळून गेलेला आढळतो आणि विक्रेत्याने तो भाग स्वतःहून दाखवल्याचे मी क्वचितच पाहिले आहे.

सिल्स बदलणे हे रविवारी घरी उरकण्यासारखे काम नाही. त्यासाठी सांगाड्याला आधार देऊन तो सरळ ठेवावा लागतो आणि मजुरीच मोठी लागते. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८पासून मूळ साच्यांवरून संपूर्ण नवे सांगाडेही बनवते, पण तो विकत घेऊन त्यावर गाडी उभी करण्यापेक्षा चांगली धावती गाडी स्वस्त पडते. तेव्हा इंजिन धुरकट पण पत्रा निरोगी, अशी गाडी मी डोळे झाकून निवडीन. उलट प्रकारची फुकट मिळाली तरी नको.

कोणत्या काळातली घ्यावी, यावर मतभेद आहेत. सुरुवातीच्या गाड्यांच्या इंजिनात क्रँकशाफ्टला तीन बेअरिंगे होती, १९६४च्या अखेरीस ती पाच झाली. १९६७च्या अखेरीस आलेल्या मार्क टू या सुधारित आवृत्तीत पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (दाते न घासता गिअर पडू देणारी यंत्रणा) मिळाले आणि डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला. १९७४च्या शरद ऋतूपासून अमेरिकेच्या सुरक्षा नियमांपायी क्रोमचे बंपर जाऊन काळे रबराचे आले आणि गाडीची उंचीही वाढवली गेली, त्यामुळे ती वळणावर अधिक कलते. १९७७च्या मॉडेलपासून अँटी-रोल बार पुढे-मागे दोन्हीकडे देऊन ही उणीव बरीच भरून काढण्यात आली. रबर बंपरच्या गाड्या स्वस्त मिळतात, म्हणून त्यांना नाक मुरडण्याचे कारण नाही. तरी माझी निवड विचाराल, तर १९६८ ते १९७४ या काळातली, क्रोम बंपरची आणि ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर) असलेली. ओव्हरड्राइव्हशिवाय मोटरवेवर इंजिनाचा सततचा आवाज कानांना नकोसा होतो. बंद टपाची जीटी १९६५मध्ये आली, तिच्या रचनेत पिनिनफारिना यांचा हात होता. ती रोडस्टरपेक्षा स्वस्त असते, मागे सामान ठेवता येते आणि इंग्लंडच्या पावसात अधिक शहाणपणाची ठरते. सहा सिलिंडरची एमजीसी आणि रोव्हरच्या इंजिनाची जीटी व्ही८ या वेगळ्याच किमतीच्या वस्तू आहेत, पहिल्या खरेदीसाठी नव्हेत.

यांत्रिक तपासणी सोपी आहे. इंजिन गरम झाल्यावर रस्त्यावर ऑइलचा दाब ५० पौंडांच्या आसपास दिसावा. तारांच्या चाकांची गाडी असेल, तर पुढे-मागे करताना ‘खट्’ असा आवाज येतो का ते ऐकावे, कारण तो हबच्या दात्यांची झीज सांगतो. पुढच्या किंगपिनांना (ज्यांवर पुढची चाके वळतात त्या खुंट्यांना) नियमित ग्रीस दिले जाते का, हेही विचारावे. यांतले काहीही बिघडले असले, तरी गल्लीतला कोणताही जुना मेकॅनिक ते दुरुस्त करू शकतो, आणि किंमत ठरवताना घासाघीस करायला ते उपयोगीच पडते.

आता कागदपत्रे. ब्रिटनमध्ये ४० वर्षे उलटलेल्या गाडीला रस्ता कर माफ होतो, मात्र त्यासाठी नोंदणीत तिचा वर्ग ‘ऐतिहासिक’ असा बदलून घ्यावा लागतो. विक्रेत्याने ते केले आहे का ते पाहावे. मोठे फेरबदल न झालेल्या अशा गाडीला एमओटी, म्हणजे ती रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची वार्षिक तपासणीही सक्तीची नाही, आणि मला ही सवलत धोक्याची वाटते, कारण त्यामुळे अनेक गाड्यांखाली वर्षानुवर्षे कोणी वाकूनही पाहत नाही. पूर्वीच्या तपासण्यांचा तपशील नंबर टाकून सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. त्यात ‘सिल गंजलेली’ असा शेरा सापडला, तर त्या दुरुस्तीचे बिल मागावे. सप्टेंबर २०२१पासून ब्रिटनमध्ये साध्या पेट्रोलात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही, म्हणून ई५ दर्जाचे (५ टक्क्यांपर्यंतच इथेनॉल असलेले) सुपर पेट्रोल भरावे आणि विकत घेतल्या आठवड्यातच इंधनाच्या नळ्या बदलून टाकाव्यात.