जॉन बोटीत मरीन कार्पेट: दुसरा सीझन चालू आहे, आणि ते अजून वाळतंय

आधीच सांगून टाकतो, कार्पेट चांगलंय, बोट मस्त दिसते, पायाला मऊ लागतं. पण वाळत नाही. वाळतच नाही हो! पुढचं सगळं लिहिणं या एका वाक्यावरच आहे, त्यामुळे ज्यांना घाई आहे त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

बोट नेहमीचीच जॉन बोट, म्हणजे १४ फुटी, सपाट बुडाची, ॲल्युमिनियमची, इथे मिनेसोटात गल्लोगल्ली ट्रेलरवर उभी दिसते तसली. सेकंडहँड घेतली तेव्हा आत आधीच्या मालकाने टाकलेलं एक जुनं हिरवं कार्पेट होतं, ते उपटलं तर खालचं प्लायवूड हाताने तुटत होतं, ओल्या पुठ्ठ्यासारखं. आणि त्याच्याखाली रिब्जच्या, म्हणजे बुडाच्या आतल्या आडव्या पट्ट्यांच्या, कडेने पांढरी भुकटी. नखाने खरवडली तर खाली ॲल्युमिनियमला टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे. गृहस्थाने ट्रीटेड, म्हणजे सडू नये म्हणून केमिकल मुरवलेलं, प्लायवूड वापरलेलं. स्वस्त पडतं, सडत नाही, असं दुकानातला पोऱ्या सांगतो, आणि घराच्या डेकसाठी ते खरंही आहे. पण २००३ अखेरीस अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडातून आर्सेनिकवालं केमिकल गेलं आणि त्याजागी जे आलं त्यात तांबं भरपूर असतं. तांबं, ॲल्युमिनियम आणि ओल एकत्र आली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. बोटींचं ५०५२ ॲल्युमिनियम असो की अजून कुठलं भारी अलॉय, वाचत नाही. वरून ओलं कार्पेट म्हणजे कायमची पट्टी बांधल्यासारखं. तेव्हा साधं एक्स्टेरियर ग्रेड प्लाय घ्या, मरीन परवडत असेल तर मरीन, आणि इपॉक्सी किंवा स्पार व्हार्निश सगळ्या बाजूंनी मारा, कडांना तर दोनदा, कारण पाणी कडेतूनच शिरतं. यावर जास्त बोलत नाही, यूट्यूबवर ढीगभर आहे.

मी अर्धा इंची घेतलं. चार बाय आठ फुटांचा प्लायचा तक्ता साधारण २० किलोचा येतो, लहान बोटीत हे वजन जाणवतं, कपॅसिटी प्लेटवरचा, म्हणजे बोट किती वजन घेईल तो, आकडा बघूनच काय ते ठरवा. सीटच्या खालचा फोम मात्र कापू नका, जागा मिळते म्हणून लोक कापतात, बोट भरली तर तोच फोम तुम्हाला वर ठेवणार असतो.

आता कार्पेट. ऑर्डर केलं होतं ६ फूट रुंद, १६ फूट लांब, २० औंसवालं (चौरस यार्डाला वजन), मागे रबर नसलेलं. मुद्दाम रबर नसलेलं, कारण पाणी खाली झिरपून जावं. रोल आला तो रबर बॅकवाला. ऑनलाइन दुकानाला फोटो पाठवले, तर उत्तर काय, "हे जास्त टिकाऊ असतं सर, तुमचा फायदाच आहे." मी म्हटलं मला फायदा नको, जे मागवलंय ते द्या. तर म्हणे परत पाठवा, शिपिंग तुमचं, वर रीस्टॉकिंग चार्ज. चूक त्यांची, रोल त्यांचा, आणि चार्ज माझा! ईमेलामेली दोन आठवडे चालली आणि शेवटी पुढच्या खरेदीवर दहा टक्क्यांचं कूपन मिळालं. पुढची खरेदी म्हणजे काय, मी काय दर महिन्याला बोटी मढवतो? शिपिंगचा हिशेब केला तर निम्मी किंमत त्यातच जात होती, म्हणून नाइलाजाने ठेवलं. बायको म्हणाली सोडून दे आता, कार्पेटच आहे. पण हे रबरच पुढे नडलं, म्हणून एवढं लांबण लावतोय.

बसवायला कठीण काहीच नाही. आउटडोअर कार्पेटचा गोंद, दातेरी करणी, एक धारदार कटर. कापताना मागून कापा, पुढून कापलं तर केस तुटतात. केसांची दिशा सगळ्या तुकड्यांत एकच ठेवा, नाहीतर उन्हात एक फळी गडद आणि एक फिकी दिसते, जणू दोन वेगवेगळे रोल. कोपऱ्यांना मागच्या बाजूला व्ही कापून दुमडायचं, आणि स्टेपल स्टेनलेस. साधे स्टेपल एका पावसाळ्यात, सॉरी, एका सीझनमध्ये गंजून कार्पेटवर तांबडे डाग सोडतात. आणि हॅच, म्हणजे फरशीत उघडणारा कप्पा, असेल तर झाकण चारी बाजूंनी कमी कापा, कारण कार्पेट दोन्हीकडून दुमडलं की जाडी वाढते, मग झाकण बसतं पण निघत नाही. गोंद लावताना थंडी नको, एप्रिलमध्ये उत्साहाने सुरुवात करणाऱ्यांनी डब्यावरचं तापमान वाचा.

पहिला महिना स्वर्ग. ज्याने उघड्या ॲल्युमिनियमवर प्लायर पाडलाय त्याला कळेल मी काय म्हणतोय, अख्ख्या लेकला ऐकू जातं, मासे पळतात ते पळतात. कार्पेटवर बूट घासला तरी आवाज नाही. जुलैच्या उन्हात पत्रा तापून अनवाणी उभं राहता येत नव्हतं, आता पोरं मांडी घालून बसतात. तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर पाच स्टार दिले असते, आणि त्या दुकानालाही माफ केलं असतं.

मग आला ऑगस्ट, आणि वास. नॉर्दर्न पाइक मासा ज्यांनी बोटीत घेतलाय त्यांना त्याचा तो बुळबुळीत चिकटा माहितीये. तो कार्पेटमध्ये मुरला, वरून पावसाची सर, वरून ताडपत्री. उघडलं की कुबट भपकारा. ब्रशने घासलं, सौम्य साबण लावला, वास जातो, पण धुतलं म्हणजे परत ओलं झालं! वरून हात फिरवला तर कोरडं लागतं, गुडघा टेकवला की पँट ओली. पाणी केसांतून खाली जातं, रबराला अडतं आणि तिथेच बसतं.

तुम्ही म्हणाल ओलं तर ओलं, बोटच आहे. पण इथे ओल हा कायद्याच्या आसपासचा विषय आहे. मिनेसोटात रस्त्यावर बोट नेताना ड्रेन प्लग, म्हणजे पाणी सोडायचं बूच, काढलेलाच पाहिजे, आमिषाच्या बादलीतलं पाणीसुद्धा ओतून द्यायचं, कारण झेब्रा मसल, बाहेरून आलेले लहान शिंपले. मिनेटोंका लेकमध्ये ते २०१० मध्ये सापडले, आणि त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसतही नाहीत, थोड्याशा पाण्यातून दुसऱ्या लेकला जातात. दुसऱ्या पाण्यात जायच्या आधी सगळं सामान किमान पाच दिवस वाळवा असा सल्ला आहे. मी शनिवारी मिनेटोंकाला गेलो आणि रविवारी दुसऱ्या लेकच्या रँपवर, बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर. तिथे इन्स्पेक्टर असतात, बहुतेक उन्हाळी नोकरी करणारी कॉलेजची मुलं. ठरलेला प्रश्न, याआधी बोट कुठे होती, कधी? प्लग काढलेला, बादली कोरडी, माझी छाती फुगलेली. त्या पोराने वाकून कार्पेटवर अंगठा दाबला आणि अंगठ्याभोवती पाणी वर आलं. अगदी नम्रपणे म्हणाला, सर, हे जरा वाळू द्या ना. आलो परत. पूर्वी नुसता पत्रा होता तेव्हा टॉवेलने पुसून दहा मिनिटांत बोट कोरडी व्हायची. म्हणजे कार्पेट टाकून मी माझा रविवार घालवला, असा हिशेब आहे.

गॅरेजमध्ये मग पंखा, त्याच्या जोडीला डीह्युमिडिफायर, आणि शॉप व्हॅकने पाणी ओढणं. बायकोचं म्हणणं, घरातल्या कार्पेटला एवढा व्हॅक्यूम कधी फिरवला नाहीस. विजेचं बिल वेगळं.

आप्पा, म्हणजे माझे सासरे, मालवणचे, उन्हाळ्यात आले होते. त्यांचं अर्धं आयुष्य होडीत गेलंय. बोट बघून आधी हसले, मग म्हणाले, "जावयबापू, होडयेत गालिचो?" आणि लगेच मुद्द्यावर, "पाणी खंय जातला?" त्यांच्याकडे होडीच्या तळाला सुट्या फळ्या असतात, उचलायच्या, पाणी उपसायचं, परत ठेवायच्या. एवढं ऐकून मी त्याच संध्याकाळी स्क्रू काढायला घेतले.

तर आता जे आहे ते असं. फरशीचे तीन वेगळे तुकडे केले, प्रत्येकाला दोनच स्टेनलेस स्क्रू, खाली पीव्हीसीच्या पट्ट्या, म्हणजे फळी पत्र्याला टेकत नाही आणि पाणी खालून सरळ ड्रेनकडे जातं. फळीला आणि कार्पेटच्या रबराला आरपार भोकं पाडली, भोकांच्या आतून पुन्हा इपॉक्सी. घरी आलो की स्क्रू काढायचे, तुकडे कुंपणाला उभे करायचे, उन्हात. मग एका चांगल्या दिवसात वाळतं. ढग असले तर नाही. त्यामुळे एक स्टारवरून मी साडेतीनवर आलोय. उरलेला दीड त्या रबराचा, तो मी मरेपर्यंत परत देणार नाही.

एक राहिलंच, गळ. ट्रेबल हुक (तीन टोकांचा गळ) कार्पेटमध्ये घुसला की टोकाचा उलटा काटा मागच्या रबरात अडकतो आणि ओढलं तर केसांचा झुपका हातात येतो. कापलेल्या केसांचं कार्पेट घ्या, लूपवालं अजिबात नको, त्यात तर धागाच उसवत जातो. मी आता बहुतेक हुकांचे हे उलटे काटे पक्कडने दाबूनच टाकलेत, मासा एखादा सुटतो, चालतंय.

नवीन घेत असाल तर मी म्हणेन व्हिनाइल नाहीतर ईव्हीए फोम बघा, महाग आहे पण पुसून मोकळं. मी का नाही घेत? कारण हे दीडशे डॉलर अजून वसूल व्हायचेत. आणि जे कार्पेट घेणारच असतील त्यांनी रोल आल्या आल्या, पॅकिंग फाडायच्या आधी, मागची बाजू बघा.

उरलेला तुकडा ट्रेलरच्या बंकवर, म्हणजे बोट टेकते त्या फळ्यांवर, लावलाय, तिथे मात्र काही तक्रार नाही, ओला राहिला तरी कोण विचारतंय. फक्त स्टेपल वरच्या बाजूला मारू नका, बोटीच्या बुडाला ओरखडे पडतात. दुमडून खालून मारा.